मागून येणाऱ्या किल्ल्या

२ जून

प्रिय भाऊजी,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून हसू नका. हल्ली फोनवर माणसं डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी बोलतात. तुम्हीच मागे सांगितलं होतंत ना, की फोनवाले आवाज दाबून, चेपून पाठवतात? त्यांचं काय वाचतं ते वाचो, माझ्यापर्यंत मात्र अर्धंच पोचतं. पत्राचं बरं असतं, तुम्हाला मधेच तोडता येत नाही.

तर बातमी. आपला गोदामाचा सिनेमा लागतोय! इथल्या फिल्म मंडळाने नव्या थिएटरात दहा ऑगस्टला ठेवलाय. मंडळाचा सेक्रेटरी घरी येऊन सांगून गेला. उंच, वाकलेला माणूस, बोलण्यापेक्षा चष्मा जास्त पुसतो. थिएटरात चारी भिंतींना स्पीकर आहेत म्हणे. मी त्याच्या चहात दोनदा साखर घातली आणि त्याने तो मुकाट प्यायला.

तुम्हाला ठाऊकच आहे, तुमच्या दादांच्या हातचा तो एकच सिनेमा. बाकी सगळीकडे ते कुणाच्या तरी हाताखाली होते. इथे मात्र कुठला आवाज समोर, कुठला मागे, सगळी जुळणी त्यांची, आणि पावलं, दारं, कपड्यांची सळसळ असे सगळे आवाज माझ्या हातापायांचे. सिनेमा लागला आणि महिन्याभरात ते गेले. आणि लागला तोही अशा थिएटरात, जिथे पडद्यामागे एकच भोंगा होता. आठवड्यात उतरला. म्हणजे ह्यांनी मागे ठेवलेला एकही आवाज आजवर कुणी मागून ऐकलेला नाही. त्या खोलीत ते होते आणि मी होते, बस्स.

आणि आता हा सेक्रेटरी इंटरनेटवरून कुठूनतरी सिनेमाची फाईल उतरवून घेऊन आलाय. ह्यांच्या खोलीतले स्पीकर पुसून ती लावली. अहो, सगळे आवाज एकाच दारातून घुसल्यासारखे समोरून येतात! ती मुलगी गोदामातून एकटी निघते तो प्रसंग आठवा. बाहेर ट्रकचं दार धाडकन लागतं, मग तिच्या मागून किल्ल्या वाजतात, मग पावलं. पहारेकरी शेवटपर्यंत दिसत नाही, नुसता मागून येत राहतो. या फाईलमध्ये तो तिच्या पोटातून चालतोय, आणि किल्ल्या तर नाहीतच.

मी सेक्रेटरीला सांगून टाकलंय, किल्ल्या मागून आल्या तर सिनेमा लावायचा, नाहीतर नाही. तुम्ही घरभर स्पीकर ठोकून बायकोची बोलणी खाता, त्याचा एकदाचा उपयोग होऊ दे. चांगली फाईल शोधा.

तुमची वहिनी

९ जून

प्रिय वहिनी,

सापडली! सापडली, सापडली! सोबत पेनड्राइव्ह आहे, पाकीट फाडताना जपून.

आधी तुमच्या सेक्रेटरीच्या फाईलचं पोस्टमॉर्टेम. त्यात सहा वाटांचा, म्हणजे सहा वेगवेगळ्या स्पीकरांसाठीचा, आवाज दोन वाटांत कोंबलाय, म्हणून मागचं सगळं पुढे आलं. वर तो चेपलाय, आणि कसा! आवाज चेपणं म्हणजे प्रवासाची बॅग भरणं. मशीन ठरवतं, हा हलका आवाज त्या मोठ्या आवाजाखाली कुणाला ऐकू येणार नाही, काढा बाहेर. बेताने काढलं तर तुम्हाआम्हाला पत्ताही लागत नाही. पण या लोकांनी बॅग लहान दिसावी म्हणून कपडेच फेकून दिलेत. सोबत आवाजाचं चित्र छापून पाठवतोय. खाली जाड आवाज, वर बारीक. वरचा भाग बघा, विळीवर कापल्यासारखा सपाट. तुमच्या किल्ल्या त्या कापलेल्या भागात होत्या.

आता नवी फाईल. चक्क सहा वाटा, काही चेपलेलं नाही, आणि आकार पहिलीच्या आठपट! उतरायला दोन दिवस लागले. मी तर नाचलोच. तुमची जाऊ म्हणाली, नाचा, पण सोफ्यामागचा तो काळा खोका आधी हलवा, पोछा मारता येत नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायची माझी छाती नाही.

अजून पूर्ण ऐकली नाही. पहिला मान तुमचा.

भाऊजी

१७ जून

प्रिय भाऊजी,

मान मिळाला, आभारी आहे. तो मान आता तुमच्या सोफ्यामागे ठेवा.

अहो, माणूस एक आणि पावलं चारी बाजूंनी! पहारेकरी आहे की वरात? मुलगी समोर बोलते आणि तिचंच बोलणं माझ्या मानेमागून परत येतं. तुमच्या दादांनी एकेक आवाज जागा बघून ठेवला होता. पावलं उजवीकडून मागे, तीही भिंतीपासून हातभर आत, म्हणजे माणूस भिंतीला घासून चालत नाही. या जुळणीसाठी त्यांनी मला गोदामासारख्या रिकाम्या खोलीत दिवसभर चालवलं होतं. पुरुषाचे बूट घालून! माझे पाय सुजले आणि ते म्हणाले, "अजून जरा थकलेला वाटू दे." थकलेला कसला, मीच मेले होते.

आणि किल्ल्या? याही फाईलमध्ये नाहीत. त्या जुडग्याचा इतिहास तुम्हाला माहीत नाही. स्टुडिओच्या पहारेकऱ्याचा जुडगा मागून आणला, तो ठणठण वाजला. घरचा नेला, तो गरीब वाटला. शेवटी दोन लोखंडी, तीन पितळी आणि एक बिनकुलपाची इवलीशी किल्ली असा जुडगा मी बांधला. ती इवलीशी किल्लीच सगळी चमक द्यायची. ऐकल्यावर हे खुर्चीतून उठून उभे राहिले.

मग आमची पैज लागली. ते म्हणाले, "इथे लोक मागे वळून बघतील." मी म्हटलं, पडदा सोडून मागे कोण बघतं! हरेल त्याने रोज सकाळचा चहा करायचा, असं ठरलं. सिनेमा एका भोंग्यावर लागला आणि कुणी वळलं नाही, पण ते म्हणाले ही मोजायची नाही, नीट लागेल तेव्हा बघू. नीट लागायच्या आतच ते गेले. पैज तशीच राहिली.

हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या बनावट फाईलमुळे बाहेर आलं. आता खरी शोधा.

वहिनी

२६ जून

प्रिय वहिनी,

कान पकडतो. तुम्ही म्हणालात तेच निघालं. कुणीतरी त्याच सेक्रेटरीवाल्या फाईलचा आवाज घेऊन सहा वाटांत पसरला आणि न चेपता पुन्हा साठवला. पाणी घातलेलं दूध मोठ्या पातेल्यात ओतलं, आणि मी दूध न चाखता पातेलं मापलं. आठपट, आठपट म्हणून गल्लीभर सांगत सुटलो होतो. एकदा फेकून दिलेला आवाज परत येत नाही, हे मीच चार लोकांना ऐकवत असतो. चित्र काढून बघितलं असतं तर तोच सपाट माथा तेव्हाच दिसला असता. ते चित्रही पाठवतोय, माझी शिक्षा म्हणून.

पण आता बसून वाचा. बसलात? मूळ आवाज मिळाला!

सिनेमाचे निर्माते गेले, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांची मुलगी आता दाताची डॉक्टर आहे. फोन केला की तिची असिस्टंट म्हणते, अपॉइंटमेंट घ्या. घेतली. खुर्चीत आडवा झालो, तोंडात आरसा, आणि तशातच मी "गोदाम, गोदाम" करतोय! तिला वाटलं, दाढ फारच दुखतेय. शेवटी कापूस काढल्यावर समजलं तिला. हसली आणि म्हणाली, वडिलांचं कपाट कधी उघडलंच नाही, चला. माझी एक दाढ भरून झाली आणि कपाटात फिल्म लॅबच्या शिक्क्याची डिस्क मिळाली. सहा वाटा, सहा वेगळे आवाज, दादाने ठेवले तसेच, एक कणही न चेपता. डिस्कवर दादाचं अक्षर आहे, वहिनी. "मागचे दोन हळू करू नयेत." मागच्या दोन स्पीकरबद्दल एवढंच लिहिलंय. 

नक्कल करून पाठवतोय. यावेळी चित्रही काढलं. माथ्यापर्यंत भरलेलं आहे, गवत उगवल्यासारखं.

भाऊजी

५ जुलै

प्रिय भाऊजी,

पावलं मागून आली! मी खुर्चीत बसले होते आणि माझेच पाय माझ्या मागून चालत आले. उजवीकडून, भिंतीपासून हातभर आत. थकलेले. मी ह्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हटलं, "झालं तुमच्या मनासारखं?" आणि मग खूप रडले. तुमचे उपकार मी कशात मोजू?

पण भाऊजी, किल्ल्या नाहीत.

चार वेळा ऐकलं. ट्रकचं दार लागतं, मग काहीच नाही, मग एकदम पावलं. कुठेतरी कुणीतरी चेपलंच आहे. लॅबमध्ये असेल, नाहीतर तुमच्या नकलेत. आधी किल्ल्या हव्यात, त्याशिवाय पावलांना अर्थ नाही. प्रेक्षकाला आधी शंका यायला हवी आणि मग भीती. हे तुमच्या दादांचंच वाक्य.

आज सेक्रेटरीला निरोप दिला, कार्यक्रम रद्द करा. ह्यांचं नाव पडद्यावर लागणार आणि काम अर्धं ऐकू येणार, हे मला चालायचं नाही. दुधाची तहान ताकावर भागवायची तर इतकी वर्षं थांबले कशाला? वाईट वाटतंय, पण ठरलं ते ठरलं.

वहिनी

१२ जुलै

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. नकलेत काही गडबड झाली असेल. पेनड्राइव्हही स्वस्तातला होता. पुन्हा बघतो. कार्यक्रम रद्द करायची इतक्यात घाई नको.

इकडे पाऊस ठीक. तब्येत सांभाळा.

भाऊजी

(त्याच पाकिटातली चिठ्ठी)

ताई,

पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून ही चिठ्ठी आत जातेय. ह्यांना माहीत नाही. तुम्हाला पत्र लिहायचं म्हणून दोन दिवस कागद फाडत होते आणि शेवटी पावसापाण्याचं लिहिलं. ह्यांना सांगवत नाही, म्हणून मी सांगते.

तुमचं पत्र आल्यावर ह्यांनी तो प्रसंग पुन्हा लावला. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. दारात किल्ल्या वाजल्या. वाटलं, शेजारीण आली. तशाच हातांनी जाऊन दार उघडलं तर कुणी नाही. वळून बघते तर हे सोफ्यावर बसून पोट धरून हसतायत. मग तुमचं पत्र पुन्हा हातात घेतलं आणि ह्यांचं हसू गेलं.

किल्ल्या आहेत, ताई. मला पोछ्याच्या पलीकडे त्यातलं काही कळत नाही, तरी मी दार उघडायला गेले.

मागच्या महिन्यात मी तुम्हाला फोनवर विचारलं, गुडघा कुठल्या डॉक्टरला दाखवू? तुम्ही म्हणालात, "हो, हो." तेव्हा मी मनाला लावून घेतलं होतं. आता लक्षात येतंय. रागावलात तरी चालेल, पण कान दाखवून या.

तुमची धाकटी जाऊ

३० जुलै

प्रिय भाऊजी, आणि पत्र चोरून वाचत असेल तर तिलाही,

रागावले होते. चिठ्ठी वाचून तिडीक डोक्यात गेली. म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली! मला, जिने आयुष्यभर कानावर पोट भरलं, तिला हिने कान दाखवायला सांगावं?

दोन दिवस भांडी आपटली. मग कपाटाच्या तळातून तो जुडगा काढला. दोन लोखंडी, तीन पितळी आणि ती इवलीशी. खिडकी लावली, पंखा बंद केला आणि उजव्या कानाशी धरून हलवला. लोखंडाची टकटक ऐकू आली. पितळ लांबून आल्यासारखं. इवलीशी किल्ली डोळ्यांसमोर नाचत होती, भाऊजी, आणि तिचा आवाजच नव्हता. डाव्या कानाशी धरलं. तेच. इथे ना फाईल होती, ना लॅब, ना तुमचा स्वस्तातला पेनड्राइव्ह. जुडगा मांडीत घेऊन तशीच बसून राहिले. फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले. चुणचुणीत बाई आहे. काचेच्या खोलीत बसवून कानात टुंई टुंई करत राहिली, आणि बराच वेळ नुसतीच गप्प बसली. नंतर कळलं की तेव्हाही टुंई टुंई चालूच होतं. मग कागद पुढे ठेवून समजावायला लागली, हा जाड आवाज, हा बारीक. मी म्हटलं, राहू द्या, हे चित्र मला पाठ आहे, आमच्या भाऊजींनी अशी दोन पाठवलीत. माथा विळीवर कापलेला! म्हणजे तुमची फाईल शाबूत आणि मीच चेपलेली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं मला ऐकू येईना आणि मी सगळ्या जगाच्या फाईली वाकड्या ठरवत बसले. ती बाई घाबरली, कारण मी हसायला लागले आणि थांबेचना.

यंत्र मिळणार आहे, पण सवय व्हायला काही महिने जातील. लावून बघितलं तर जुडगा डब्यातल्या चमच्यांसारखा वाजला. तेव्हा दहा तारखेला मला किल्ल्या ऐकू येणार नाहीत, हे नक्की.

पण इतरांना येतील ना? ते कळल्यापासून मला घरात बसवत नाहीये! तडक सेक्रेटरीकडे गेले. म्हटलं, फाईल उत्तम आहे, माझं चुकलं, कार्यक्रम पुन्हा लावा. त्याने चष्मा इतका वेळ पुसला की मला धडकी भरली. मग म्हणाला, "बाई, मी पोस्टर उतरवलंच नव्हतं. तुमचं मन बदलेल असं आमची मंडळी म्हणत होती." गळ्यात पडावंसं वाटलं, पण माणूस भलताच उंच आहे.

धाकटीला सांगा, गुडघा हाडांच्या डॉक्टरलाच दाखव आणि लवकर दाखव. आणि चिठ्ठीबद्दल तिचे पाय धरले असते, पण आधीच दुखतायत.

वहिनी

४ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

पत्र मी आधी वाचलं, मग तिने, मग दोघांनी मिळून. रडलो आणि हसलो, आता पुढचं कामाचं बोलतो.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आठ तारखेला ठरलंय, त्यामुळे मला येता येत नाही. जीव तीळतीळ तुटतोय. पण सेक्रेटरीला माझ्यातर्फे बजावून सांगा. पेनड्राइव्हवरून थेट थिएटरच्या मशीनवर घ्या. मेलवर टाकू नका, फोनवरून फिरवू नका, वाटेत कुणीतरी चेपतंच. मागचा प्रत्येक स्पीकर आदल्या दिवशी एकेक करून वाजवून बघा. आणि दादाचं वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मशीनवर चिकटवा: मागचे दोन हळू करू नयेत.

तुम्ही जाताय ना? ऐकू येणार नाही म्हणून वाईट वाटून घरी बसू नका. आणि सगळं सविस्तर लिहा. मी दवाखान्यात वाट बघत बसणार आहे.

भाऊजी

१२ ऑगस्ट

प्रिय भाऊजी,

मी पहिल्या रांगेत बसले नाही.

सेक्रेटरीला म्हटलं, मला पडद्याच्या बाजूला, कोपऱ्यात खुर्ची द्या, प्रेक्षकांकडे तोंड करून. तो म्हणाला, "बाई, तिथून सिनेमा दिसणार नाही." मी म्हटलं, सिनेमा मला पाठ आहे, मला माणसं बघायचीत. त्याने चष्मा पुसला आणि स्वतः खुर्ची उचलून आणली.

थिएटर भरलं होतं, भाऊजी! मागे लोक उभे होते. दाताची डॉक्टर आली होती, तुमची दाढ कशी आहे म्हणून विचारत होती. ह्यांचं नाव पडद्यावर आलं ते मला दिसलं नाही, पण त्याचा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पडला तो दिसला.

मग गोदाम आलं.  पडद्यावर मुलगी चालायला लागली असणार, कारण लोक पुढे झुकले. ट्रकचं दार धाडकन लागलं. ते मला ऐकू आलं, छातीत बसलं. त्यानंतर माझ्यासाठी काहीच नाही, नुसती शांतता. मी समोर बघत राहिले.

आणि त्या शांततेत पहिली मान वळली. उजवीकडे, मागे. तिच्या शेजारची वळली. मग एक रांग, मग तिच्या मागची. बायका, पुरुष, मांडीवरची पोरं, सगळी पडदा सोडून मागे बघायला लागली! शेवटच्या रांगेतले एक आजोबा तर उठून दार लागलंय का बघायला गेले. पावलं अजून सुरूच झाली नव्हती. म्हणजे लोक किल्ल्यांना वळले होते, भाऊजी, माझ्या इवल्याशा किल्लीला. मग मागून माझी पावलं आली, ती मलाही ऐकू आली.

सिनेमा संपल्यावर लोक येऊन हात धरून बोलत होते. मला अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही, पण यावेळी मी "हो, हो" म्हटलं नाही. "मोठ्याने बोला, मला कमी ऐकू येतं," असं सांगितलं. पहिल्यांदाच. काही अवघड गेलं नाही.

धाकटीला जपा. पंधरवड्यात तिला बघायला येतेय, सोफ्यामागचा खोका तोपर्यंत हलवू नका. मला त्याच्या पुढ्यात बसायचंय, आणि जुडगा घेऊन येतेय.

काल सकाळी लवकर उठले आणि चहा केला, दोन कप. हरेल त्याने करायचा, असंच ठरलं होतं.

तुमची वहिनी